शेवटच्या बांधीतला मका

मक्याला पाण्यात पाय ठेवून उभं राहता येत नाही. एवढी एक गोष्ट आमच्या भागातल्या धानवाल्यांना पटवता पटवता माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि ती एकीखेरीज कोणालाही पटली नाही. धानात जन्मलेला माणूस पीक म्हटलं की बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, तुडुंब भरतो. पाणी काठाला लागलेलं दिसलं की त्याच्या जिवाला शांती. मका पिवळा पडला की तो म्हणतो, तहान लागली असेल, आणि पाटाचं आणखी एक दार उघडतो.

मी शेती खात्यात खालच्या पायरीवरचा कर्मचारी होतो. आमगावच्या बाजूच्या काही गावांत सायकलीने, पुढे मोटारसायकलीने फिरत असे. त्यांतल्या एका गावातली ही हकीकत आहे. तिच्यात मी काय केलं ते माझ्याखेरीज तिघाचौघांना ठाऊक होतं. त्यातले दोघे आता नाहीत, आणि जे आहेत त्यांना बोलायची गरज वाटत नाही. म्हणून मीच लिहितो आहे. ज्यांचं माझ्याबद्दल बरं मत आहे त्यांनी इथेच थांबावं, अजून वेळ गेलेली नाही.

त्या हिवाळ्यात वरून एक योजना आली. धानाच्या मागे लोक लाखोळी, जवस फेकतात ते सोडून मका घ्यावा, आणि जमिनीवर आच्छादन टाकलं तर मक्याला पाणी किती कमी लागतं ते गावाला शेतातच दाखवावं, अशी ती योजना. तीन तुकडे करायचे. पहिला उघडा. दुसऱ्यावर प्लास्टिकचा मल्चिंग पेपर आणि ठिबक. तिसऱ्यावर काडीकचऱ्याचं आच्छादन आणि पाण्याच्या मोजक्या पाळ्या. कागदावर फार शहाणपणाची गोष्ट होती. आमच्या खात्यात कागदावरच्या गोष्टी नेहमीच शहाण्या असायच्या.

जागा ठरली गावच्या जुन्या सरपंचांची. त्यांना सगळे पाटील म्हणत. तलावाच्या पाटाला लागून पहिली बांधी त्यांची. पाणी आधी त्यांच्या शेतात शिरायचं, मग उरलंसुरलं खाली. पहिले दोन तुकडे त्यांनी हौसेनं घेतले, कारण प्लास्टिक आणि बियाणं फुकट होतं. तिसऱ्यासाठी मी धानाचं तणस, म्हणजे मळणीनंतर उरलेला पेंढा, मागितलं, तर पाटील ओसरीवर बसल्या बसल्या हसले.

"साहेब, तणस मक्याले घालू, मंग ढोरायले का तुमचा तो कागद चारू?"

ओसरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. पाटलांच्या विनोदाला हसणं हा माझ्या नोकरीतला अलिखित नियम होता.

तिसरा तुकडा कोणालाच नको होता. पण तीन तुकडे नसतील तर प्रात्यक्षिक मंजूर होत नाही. म्हणून मी पाटाच्या शेवटाला गेलो. तिथल्या बांध्या गावाच्या कडेच्या बौद्ध वस्तीतल्या, टोल्यावरच्या घरांच्या. त्यातली अगदी शेवटची एका बाईची होती. नवरा नागपूरला कामाला गेला तो तिकडेच वारला, मुलगी शाळेत, आणि बाई एकटी शेत करायची. तिला मी निवडलं ते रकाना भरण्यासाठी. ती काही करेल अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि तिनं काही केलं नसतं तरी माझं काही अडलं नसतं.

तिनं मला दोन प्रश्न विचारले. मक्याला पाणी नक्की कधी लागतं, आणि तणस काळं पडलेलं चालतं का. तिची अर्धी रास अवकाळी पावसात भिजून काळी झाली होती.

"ढोर तोंड लावत नाई त्याले. जाळाचाच होता जी."

मी उभ्या उभ्या सांगितलं की चालतं. खोडापासून बोटभर दूर टाका, नाहीतर उधई, वाळवी लागेल. गुडघ्याइतका झाला की एक पाणी, तुरा आला की एक, कणसाला केस आले की एक आणि दाणा भरताना एक. मधल्या पाळ्या चुकल्या तरी चालतील, तुरा आणि केस मात्र चुकवू नका. हेच मी पाटलांनाही सांगितलं होतं. तेच मी पंचवीस वर्षं प्रत्येक गावात पाठ म्हणून दाखवत आलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्यावर माझाही पुरता विश्वास उरला नव्हता. बाईनं मात्र ते शब्दन् शब्द धरून ठेवलं.

पाटलांच्या शेतात ठिबकच्या नळ्या आल्याच नाहीत. येतील येतील म्हणता मका वीतभर झाला. मग पाटलांनी आपली रीत वापरली. वाफ्यांच्या मधल्या सऱ्या पाटाच्या पाण्यानं भरल्या. वर चकचकीत कागद, खाली आमची काळी, चिकट कन्हार जमीन. एकदा पाणी प्यायली की आठवडाभर सोडत नाही. उघड्या शेतात निदान माती ओली आहे हे डोळ्यांना दिसतं. कागदाखाली काय चाललंय ते कोणाला दिसणार? वरून कोरडा कागद तापलेला दिसे, की पाटलांचा गडी दार उघडायचा. दर पाळीला. मी एकदा कागदाच्या भोकात बोट घातलं, तर बोटाला चिखल लागला.

"पाटील, पाणी जास्त होऊन राहिलं," मी म्हणालो.

"पाणी जास्त झालं म्हणून कोणाचं पीक मेलं का आतापर्यंत?" पाटील म्हणाले.

धानाच्या माणसाचं हे वाक्य कोरून ठेवावं असं आहे. मी ते ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं : नियोजनबद्ध सिंचन सुरू.

खाली शेवटच्या बांधीत बाई ओळींच्या मधे काळं तणस अंथरत होती. गाव बघायला जायचं, कारण गावाला दुसरा उद्योग नव्हता. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, कोणी ओरडायचं, "मक्याले गादी टाकून राहिली का वो बाई? झोपाचं हाय का त्याले?" बाई मान वर न करता म्हणायची, "आमचा झोपला तरी चालते. तुमच्या पाटलाच्या मक्याले पोहता येते का, ते पाह्य आधी."

पाणी तिच्यापर्यंत क्वचितच यायचं. आलं की ती आधी तणस बाजूला सारायची, मूठभर माती उचलून दाबायची. गोळा झाला आणि फुटला नाही, तर ती दार बंद करून पाणी शेजारच्याला देऊन टाकायची. आलेलं पाणी परत देणारा माणूस मी त्या गावात आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. शेजारी तिला खुळी म्हणत पाणी घेत. तिचं दार पुरतं उघडायचं ते तुऱ्याच्या आणि केसांच्या पाळीला.

पुढचं सांगायची गरज नाही, पण सांगतो, कारण त्या वेळी मी ते सांगितलं नाही. पाटलांचा प्लास्टिकवरचा मका खालून पिवळा पडत वर गेला. कणसं आली, पण टोकाला दाणा नाही. उघडा तुकडा त्याहून जरा बरा, कारण ऊन मातीला लागत होतं. आणि शेवटच्या बांधीत हिरवागार, माणसाच्या डोक्यावर गेलेला मका. सोललं की दाण्यांच्या रांगा शेंड्यापर्यंत भरलेल्या.

मग शेतकरी मेळावा आला. मेळावा म्हणजे मंडप, पोहे, आणि ज्यांनी कधी शेतात पाय घातला नाही त्यांची भाषणं. सकाळी पाहुणे यायच्या आधी मी तिन्ही तुकड्यांतल्या ठरलेल्या ओळींची कणसं पाटलांच्या खळ्यावर तोलली. प्रत्येक पोतं आपापल्या फलकाखाली ठेवून त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीनं बांधली. तुकडा कोणता, वजन किती, आणि शेतकऱ्याची सही. पाटलांनी न वाचता फर्राटेदार सही ठोकली. बाई प्रौढांच्या वर्गात सही शिकली होती. खाली बसून, पुठ्ठा मांडीवर घेऊन तिनं एकेक अक्षर काढलं, आणि झाल्यावर ते जरा लांब धरून पाहिलं.

आमचे साहेब आले. बरोबर प्लास्टिक विकणारा एक गोंदियाचा व्यापारी होता. गावोगावच्या मेळाव्यांत त्याचाच कागद आणि त्याचेच पोहे असायचे. साहेबांनी चिठ्ठ्या वाचल्या.

"अरे, ये उल्टा कैसे?"

व्यापारी हसत म्हणाला, "सर, बोर्ड बदल गया होगा. होता है."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "बघा काय झालंय ते. पाहुणे अर्ध्या तासात येतील." आणि ते पोह्यांकडे गेले.

मला कोणी धमकावलं नाही. निलंबन, बदली, असा एक शब्दही निघाला नाही. लोक नंतर आपल्या पापाला मोठी कारणं जोडतात. माझं कारण एवढंच होतं की मला प्रश्न नको होते. मी प्लास्टिकच्या आणि तणसाच्या पोत्याच्या दोन्ही चिठ्ठ्या सोडल्या आणि खिशात घातल्या. नव्या लिहिल्या. बाईचं पोतं उचलून पाटलांच्या फलकाखाली नेऊन ठेवलं, पाटलांचं तिच्या. सह्यांच्या जागी गिरवागिरव केली. तेवढ्यात बाई मागे येऊन उभी होती. तिच्या पोत्याला एक फाटलेली जागा होती, जुन्या लुगड्याच्या निळ्या चिंधीनं शिवलेली.

"साहेब, हा बोरा माझा होय."

मी म्हणालो, "बाई, बोरे सगळे सारखेच दिसतात."

ती निळ्या चिंधीकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. मी फलक सरळ करायला वळलो. ती मंडपात बसली नाही. पोहेही खाल्ले नाहीत.

साहेबांनी भाषणात प्लास्टिकच्या कागदाचं कौतुक केलं. पाटलांचा सत्कार झाला. पाटलांनाही ठाऊक होतं की ते पोतं आपलं नाही, पण हार गळ्यात पडल्यावर माणूस पोत्याची चौकशी करत नाही. मी अहवाल लिहिला. तिसऱ्या तुकड्यापुढे एक वाक्य घातलं : सदर शेतकऱ्याने पाण्याचे नियोजन पाळले नाही, पाटाच्या शेवटी पाणी वाया जाते. हे वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. आकडे उलटे केल्यावर त्यांना कारण लागतं, म्हणून मी ते स्वतःच्या डोक्यानं बनवलं. त्या वर्षी मला उत्कृष्ट कामाचं प्रमाणपत्र मिळालं. ते अजून बैठकीत लटकलं आहे. पाहुणे ते वाचतात.

त्या वाक्यानं पुढे काय केलं ते मी पाहिलं. तलावाच्या पाणीवाटपाची बैठक झाली तेव्हा पाटलांनी अहवालाची प्रत काढली आणि म्हटलं, सरकारच म्हणते, शेवटाला पाणी वाया जाते. हिवाळ्यातली पाळी शेवटच्या बांध्यांना बंद झाली. सगळ्या टोल्याची. बाईच्या एकटीची झाली असती तर निदान माझ्या खोटेपणाचा आकार तेवढाच राहिला असता. धान निघालं की त्या बांध्या पुढल्या पावसापर्यंत भेगाळून पडू लागल्या. प्लास्टिकचं म्हणाल, तर दोन हंगामांत लोकांनी ते सोडलं. त्याच्या चिंध्या अजून धुऱ्यावरच्या बाभळींना लटकलेल्या आहेत. मी त्या रस्त्यानं जायचं टाळू लागलो. निवृत्त झाल्यावर तर सोयच झाली.

गेल्या दिवाळीनंतर एक बाई स्कूटीवरून माझ्या आमगावच्या घरी आली. तीच शाळेत जाणारी मुलगी. आता ग्रामपंचायतीची सदस्य आहे. दारातच तिनं पिशवीतून अहवालाची झेरॉक्स काढली.

"काकाजी, ही सही तुमचीच ना?"

मी चष्मा शोधायचं नाटक केलं. सही लांबूनही ओळखू येत होती.

"तलावाचा गाळ निघाला औंदा. पाणी जास्त साचलं. हिवाळ्याच्या पाळ्या नव्यानं ठरून राहिल्या. आमी मागतो तर पाटील हा कागद दाखवते. आई म्हणे, त्याले विचाराले जाऊ नको, तो आपला माणूस नाई. मी तरी आली."

"आई कशी आहे?"

"आई बरी हाय. मी आईच्या तब्येतीसाठी नाई आली, काकाजी. सभा सोमवारी हाय. यंदा पाळी नाई भेटली तर टोल्यावरचे लोक बांध्या ठेक्यानं देऊन मोकळे होतीन. पाटीलच घेऊन राहिले."

आत माझी बायको चहा ठेवत होती. मुलीनं चहा घेतला नाही. ती गेल्यावर मी ट्रंक उघडली. मेळाव्यातल्या चिठ्ठ्यांचे दोन्ही पुठ्ठे तळाशी होते. ते मी का ठेवले होते याचं थोर उत्तर माझ्याजवळ नाही. खोटं करणारी माणसं खरं फेकून द्यायलाही घाबरतात. मीही त्यातलाच.

सोमवारी सभा ग्रामपंचायतीसमोर चिंचेखाली भरली. पाटील आता काठी टेकत येतात, पण खुर्ची अजून पहिल्या रांगेतच असते. बाई, आता म्हातारी झालेली, मागे जमिनीवर बसली होती. तिनं मला पाहिलं आणि नजर काढून घेतली.

पाटील म्हणाले, "पाणी कोणाले कडू हाय का, बापा? पण वाया घालवाचं का? सरकारी कागद हाय."

मी उभा राहिलो. "तो कागद माझा आहे. खोटा आहे. मी पोती बदलली होती."

मागून एकजण म्हणाला, "साहेब, तवा खोटं बोलले का आता बोलून राहिले? एक काईतरी पक्कं करा."

सभा हसली. मला राग आला, आणि रागवायचा हक्क आपल्याला नाही हेही लक्षात आलं. मी पुठ्ठे काढले.

"बुड्याले आता आठवत नाई," पाटील मोठ्यानं म्हणाले. "खोक्याचे तुकडे घेऊन आला."

मी एक पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. "प्लास्टिकचा तुकडा. वजन वाचा. आणि खाली सही कोणाची आहे ते सांगा, पाटील."

पाटलांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्यांची फर्राटेदार सही गावातलं शेंबडं पोरही ओळखतं. सचिवानं त्यांच्या हातून पुठ्ठा घेतला, दुसराही घेतला, आणि दोन्ही वजनं मोठ्यानं वाचली. मग दुसऱ्या पुठ्ठ्यावरची सही वाचायला लागला, तेव्हा मागून म्हातारी म्हणाली, "ते नको वाचू. कोणाची हाय ते मले मालूम हाय."

न्याय वगैरे काही झाला नाही. तासभर भांडणं झाली. पाटलांच्या बाजूचे म्हणाले, जुनी गोष्ट आहे, तणस आता राहते कुठे, हार्वेस्टर त्याचा भुसा करून टाकते. टोल्यावरचे म्हणाले, आम्ही विळ्यानंच कापतो, आमच्या बांधीत तुमचं हार्वेस्टर शिरते का? शेवटी ठरलं ते इतकंच, की शेवटच्या बांध्यांना या हिवाळ्यात दोन पाळ्या द्याव्या आणि काय होतं ते पाहावं. दोन. ज्यांनी दहा पाळ्या देऊन मका बुडवला, त्यांनी हे मोठ्या उदारपणानं मंजूर केलं.

सभा उठल्यावर मी म्हातारीजवळ गेलो. माफी मागायचं वाक्य मी तीन दिवस घोकून आणलं होतं. तिनं ते निघू दिलं नाही.

"चिठ्ठी द्या माझी."

मी पुठ्ठा दिला. तिनं तो लांब धरून पाहिला.

"तवा अक्षर बरा होता माझा. आता हात हालते." मग मुलीला म्हणाली, "दोन पाळ्या म्हणजे एक तुऱ्याले, एक केसाले. पहिले पाणी आपण धानाच्या उरल्या ओलीवरच काढू. तणस मात्र औंदा कोरडंच टाकावं लागते, अवकाळी नाई आला तं काळं नाई भेटत."

"बाई," मी म्हणालो, "मका निघेल तेव्हा मी येतो. वजन करायला. सगळ्यांसमोर."

तिनं पुठ्ठा कमरेला खोचला.

"या. धुऱ्यावर बसा, पाणी प्या, कणीस खा. पण काटा माझी पोरगी धरन. तुमी हात लावाचा नाई."

पौषात मी एकदा जाऊन आलो. शेवटच्या बांधीत ओळींच्या मधे पिवळं तणस, खोडापासून बोटभर दूर. तुरा यायचा होता. म्हातारी तणस सारून माती मुठीत दाबत होती. मी धुऱ्यावर सांगितल्या जागी बसलो. तिनं माती फोडून पाहिली, पाटाच्या दिशेला पाहिलं, आणि माझ्याकडे न पाहता दुसऱ्या ओळीत गेली.